सील निघालं, खोली पुन्हा सुरू झाली : तस्करीत वापरलेली मालमत्ता कायमची जप्त का होत नाही?

आधी प्रश्न थोडक्यात मांडते, म्हणजे इतरांनाही संदर्भ लागेल. तुम्ही एका संस्थेसाठी काम करता. २०२२ च्या अखेरीस तुम्ही दिलेल्या माहितीवरून एका इमारतीतल्या दोन खोल्यांवर छापा पडला. एक अल्पवयीन मुलगी आणि चार तरुणींची सुटका झाली, खोल्यांना सील लागलं. तीन वर्षांची मुदत संपली, सील निघालं आणि महिनाभरात त्याच जागेत कुंटणखाना चालवणाऱ्या त्याच बाईने पुन्हा धंदा मांडला. पोलीस ठाण्यात विचारलंत तर ‘कायद्यात तेवढीच तरतूद आहे’ असं उत्तर मिळालं. ज्या जागेत मुली डांबल्या जातात ती जागा सरकार कायमची का घेत नाही, हा तुमचा प्रश्न.

सुटका झालेल्या मुलींच्या बाजूने न्यायालयात उभं राहणं हे माझं रोजचं काम, तेव्हा हा प्रश्न मला नवा नाही. पोलिसांनी सांगितलं ते अर्धं खरं आहे. ज्या कलमाखाली सील लागलं त्या कलमात खरोखरच तेवढं आहे. पण त्या एका कलमावर कायदा संपत नाही. आपल्याकडे गुन्ह्यासाठी वापरलेली जागा सरकारजमा करणं अवघड आहे आणि गुन्ह्यातून केलेली कमाई सरकारजमा करणं त्यामानाने शक्य आहे. छाप्याच्या दिवशी मात्र सगळ्यांचे डोळे जागेवर असतात. सील लागलं, वर्तमानपत्रात फोटो आला की काम झालं असं वाटतं, आणि पैसा त्याच रात्री दुसऱ्या खात्यात जातो.

तर आधी ते सील. अनैतिक व्यापार (प्रतिबंध) अधिनियम, १९५६, म्हणजे पोलिसांच्या तोंडी ‘पीटा’. त्याचं कलम १८ दंडाधिकाऱ्याला असा अधिकार देतं की देऊळ, मशीद, शाळा, वसतिगृह, रुग्णालय अशा सार्वजनिक ठिकाणापासून २०० मीटरच्या आत एखादी जागा कुंटणखाना म्हणून वापरली जात असेल, तर मालकाला आणि वहिवाटदाराला नोटीस काढायची. सात दिवसांत कारण दाखवा. कारण पटलं नाही तर वहिवाटदाराला सात दिवसांत बाहेर काढायचं, आणि पुढचं एक वर्ष दंडाधिकाऱ्याच्या परवानगीशिवाय जागा भाड्याने द्यायची नाही असा आदेश करायचा. झडतीत अल्पवयीन मूल सापडलं असेल तर एकाऐवजी तीन वर्षं. तुमच्याकडची तीन वर्षं आली ती इथून.

या आदेशावर अपील नाही, स्थगितीही नाही. म्हणून पोलिसांना हे कलम प्रिय आहे. पण त्याच कलमात लिहून ठेवलंय की मुदत संपली की आदेश आपोआप गळून पडतो. मालकी मालकाकडेच राहते, एक दिवसही हलत नाही. शिवाय मालकाचा या गैरवापराशी काही संबंध नव्हता असं दंडाधिकाऱ्याला पटलं, तर जागा त्याला परत मिळते. अट एवढीच की ज्याने गैरवापर केला त्याला ती पुन्हा द्यायची नाही.

त्या २०० मीटरवरून न्यायालयात जेवढा खल होतो तेवढा मुलीच्या वयावरूनही होत नाही. बचाव पक्ष गल्लीबोळातून चालत मोजतो आणि २४० मीटर काढून दाखवतो. केंद्रीय कायद्यातलं अंतर कसं मोजायचं हे सर्वसाधारण वाक्खंड अधिनियम, १८९७ च्या कलम ११ ने कधीच ठरवून टाकलंय : सपाट पातळीवर, सरळ रेषेत. पोलिसांना नकाशावर पट्टी ठेवून रेघ मारायला सांगा आणि तो नकाशा पंचनाम्याला जोडायला लावा. आणि आरोपीला शिक्षा झाली असेल तर अंतराचा प्रश्नच उरत नाही. चितन वासवानी विरुद्ध पश्चिम बंगाल राज्य या १९७५ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलंय की शिक्षा सुनावणारं न्यायालय कलम १८(२) खाली जागा बंद करण्याचा आदेश देतं तेव्हा ती २०० मीटरच्या आत असण्याची गरज नाही. हा निकाल अजून बऱ्याच सरकारी वकिलांच्या फायलीत नसतो. शिक्षेच्या दिवशी तोंडी का होईना, ही मागणी करून ठेवायला हवी.

आता मालकाकडे वळू, कारण तुमच्या प्रकरणातली खरी गोम तिथे आहे. पीटाच्या कलम ३(२) प्रमाणे जागा कुंटणखान्यासाठी वापरली जातेय हे माहीत असून ती भाड्याने देणारा मालकही गुन्हेगार आहे. पहिल्या वेळी दोन वर्षांपर्यंत कैद आणि दोन हजारांपर्यंत दंड. दोन हजार! मुंबईत एवढ्यात दोन रात्रींसाठी लॉजची बरी खोली मिळत नाही. पण शिक्षेपेक्षा महत्त्वाचं आहे ते ‘माहीत असून’. मालक नेहमी सांगतो, मी ११ महिन्यांचा करार केला, भाडं खात्यात येत होतं, आत काय चालतं मला काय ठाऊक. याचा बंदोबस्त कलम ३(२अ) मध्ये आहे. झडतीत जागा वेश्याव्यवसायासाठी वापरली जात असल्याचं आढळलं अशी बातमी मालकाच्या भागात खपणाऱ्या वर्तमानपत्रात छापून आली असेल, किंवा झडतीत सापडलेल्या वस्तूंच्या यादीची प्रत मालकाला दिली असेल, तर त्याला माहिती होती असं न्यायालय गृहीत धरतं. उलट सिद्ध करायची जबाबदारी त्याची.

त्या यादीचं प्रत्यक्षात काय होतं ते सांगते. पंचनाम्याच्या शेवटच्या पानावर मुद्देमाल लिहिलेला असतो : बनावट गिऱ्हाइकाने दिलेल्या पाचशेच्या खुणेच्या नोटा, नंबरसह, दोन-तीन मोबाइल, निरोधची पाकिटं, एखादी वही, हल्ली क्यूआर कोडचा प्लॅस्टिकचा स्टँड. खाली पंचांच्या सह्या. प्रत आरोपीला मिळते, न्यायालयात जाते. मालकाचं नाव मात्र फिर्यादीत ‘सदर खोलीच्या मालकाबाबत तपास सुरू आहे’ एवढ्यावर आटोपतं, आणि तो तपास आरोपपत्रापर्यंत सुरूच राहतो. यादीची प्रत पोस्टाने मालकाच्या पत्त्यावर पाठवायला किती खर्च येतो? पण ती पाठवलेली मी क्वचितच पाहिली आहे. (जाता जाता : निरोध हा पुरावा म्हणून लावू नये, असं सर्वोच्च न्यायालयाने वेश्याव्यवसायातल्या बायकांच्या हक्कांबाबतच्या बुद्धदेव कर्मास्कर प्रकरणात मे २०२२ मध्ये स्वीकारलेल्या शिफारशींत आहे. तरी यादीत तो पहिल्या तीनात असतोच.)

तुमच्या मालकाला मात्र आता पळवाट उरलेली नाही. २०२२ मध्ये ‘मला माहीत नव्हतं’ म्हणणं चाललं असेल. तेव्हाची कलम १८ ची नोटीस त्याच्या नावाने निघाली, तीन वर्षं कुलूप त्याच्या दारावर होतं, आणि नंतर त्याने खोली त्याच बाईला दिली. जुन्या आदेशाची प्रमाणित प्रत हा त्याच्या माहितीचा कागदोपत्री पुरावा आहे. नव्या फिर्यादीत मालक पहिल्या दिवसापासून आरोपी असला पाहिजे, आणि ती प्रत फिर्यादीसोबत जोडलेली असली पाहिजे.

पण खबरदारी घ्या : मालक नक्की कोण, हे आधी तपासा. मुंबईतल्या जुन्या इमारतींत, कामाठीपुऱ्यात तर सर्रास, खोल्या पागडीवर, म्हणजे एकरकमी पैसे भरून घेतलेल्या जुन्या भाडेहक्कावर आहेत. कागदावर मालक एखादा ट्रस्ट किंवा चार भावांची वारसनोंद, भाडेकरू तिसराच, त्याने पोटभाड्याने दिलेली, आणि आत बसलेली घरवाली, म्हणजे कुंटणखाना चालवणारी, पाचवी. अशा ठिकाणी ‘मालमत्ता जप्त करा’ म्हणताना कोणाची मालमत्ता, हा पहिला प्रश्न. मालमत्ता पत्रक काढा, नोंदणी कार्यालयातून सूची क्रमांक दोन (नोंदवलेल्या व्यवहाराचा गोषवारा) काढा, भाडेपावती कोणाच्या नावाने फाटते ते पाहा. पागडीचा हक्क हीसुद्धा किंमत असलेली मालमत्ता आहे, आणि पुनर्विकासाच्या वाऱ्यावर ती किंमत कशी चढते हे मुंबईकरांना वेगळं सांगायला नको.

हॉटेल किंवा लॉज असेल तर एक वेगळं हत्यार आहे, आणि ते मला सीलपेक्षा धारदार वाटतं. पीटाच्या कलम ७ खाली हॉटेलचा परवाना तीन महिने ते एक वर्ष निलंबित होऊ शकतो, आणि गुन्हा अल्पवयीन मुलीबाबतचा असेल तर रद्दही. लॉजमालकाला दोन हजारांच्या दंडाने काही होत नाही. परवाना गेला की दुसऱ्या दिवशी तो वकिलाच्या दारात असतो.

गाड्या आणि इतर जंगम वस्तूंचं गणित आणखी निराळं. मुलीला ज्या गाडीतून आणलं ती गाडी, मोबाइल, रोख, बँक खातं हे सगळं तपास अधिकारी भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १०६ खाली, म्हणजे जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या १०२ खाली, ताब्यात घेऊ शकतो. बँक खातंही यात येतं, हे महाराष्ट्र राज्य विरुद्ध तापस नियोगी या १९९९ च्या निकालाने पक्कं झालं. घर मात्र येत नाही. नेवाडा प्रॉपर्टीज विरुद्ध महाराष्ट्र राज्य या सप्टेंबर २०१९ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं की या कलमाखाली पोलीस स्थावर मालमत्ता जप्त करू शकत नाहीत. म्हणून एखादा उत्साही निरीक्षक ‘आम्ही फ्लॅटच जप्त केला’ म्हणतो तेव्हा कोणत्या कलमाखाली, हे विचारा. उत्तर चुकीचं असेल तर मालक उच्च न्यायालयातून तो फ्लॅट सोडवून आणतो आणि पुढची सगळी कारवाई ढिली पडते.

गाडी जप्त होते, पण राहत नाही. सुंदरभाई देसाई प्रकरणात २००२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की वाहनं पोलीस ठाण्याच्या आवारात वर्षानुवर्षं गंजत ठेवू नका, हमीपत्र घेऊन सोडा. तत्त्व बरोबर आहे. व्यवहारात ती गाडी सुपूर्दनाम्यावर, म्हणजे मागू तेव्हा हजर करण्याच्या हमीवर, चार-सहा आठवड्यांत सुटते आणि पुन्हा त्याच रस्त्याला लागते. खटला संपल्यावर संहितेच्या कलम ४९८ खाली, म्हणजे जुन्या ४५२ खाली, गुन्ह्यात वापरलेली मालमत्ता सरकारजमा करण्याचा अधिकार न्यायालयाला आहे. ‘वापरलेली’ हा शब्द त्या कलमात स्वच्छ आहे. पण निकालाच्या दिवशी ही मागणी कोणीच करत नाही, आणि निकालपत्राच्या शेवटच्या परिच्छेदात ‘मुद्देमाल निरुपयोगी असल्याने नष्ट करावा, वाहन मूळ मालकाच्या ताब्यात कायम’ हे ठरलेलं वाक्य येतं. इमारत या कलमाखाली सरकारजमा होते का? कलमाची भाषा पाहता वाद घालायला जागा आहे, आणि घालावा असं माझं मत आहे; पण न्यायाधीश कचरतात हे गृहीत धरूनच.

आता पैशाकडे. इथे तुमची निराशा करून मग थोडी आशा देते.

मनी लाँडरिंग कायद्याचा, म्हणजे पीएमएलएचा, दरारा मोठा आहे. ईडी १८० दिवसांपर्यंत तात्पुरती टाच आणते, न्यायनिर्णय प्राधिकरण ती कायम करतं, शिक्षा झाली की मालमत्ता केंद्र सरकारची. पण त्याच्या परिशिष्टात, म्हणजे तो ज्या गुन्ह्यांना लागतो त्यांच्या यादीत, पीटाची मोजकीच कलमं आहेत : ५, ६, ८ आणि ९. मुली मिळवणं आणि डांबून ठेवणं यात येतं; कुंटणखाना चालवण्याचं कलम ३ आणि त्या कमाईवर जगण्याचं कलम ४ येत नाही. म्हणजे फिर्याद फक्त ३ आणि ४ खाली नोंदवली तर ईडीचं दार बंद. बहुतेक ठाण्यांत सवयीने तेवढीच कलमं लागतात, कारण ती सिद्ध करायला सोपी. मुलीचा जबाब ‘मला कामाला लावते सांगून आणलं’ आणि ‘बाहेर जाऊ देत नव्हते’ असं सांगत असेल तर ५ आणि ६ लागलीच पाहिजेत. फिर्याद नोंदवली जात असताना तुम्ही तिथे बसलेले असता. तेव्हाच याकडे लक्ष द्या.

दुसरी अडचण तत्त्वाची. पीएमएलए मुख्यतः ‘गुन्ह्यातून मिळालेल्या’ मालमत्तेवर चालतो. विजय मदनलाल चौधरी प्रकरणाच्या जुलै २०२२ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने वाहनाचंच उदाहरण दिलं : गुन्ह्यात वापरलेलं वाहन त्या गुन्ह्यात जप्त होऊ शकेल, पण तेवढ्याने ती गुन्ह्याची कमाई ठरत नाही. तोच न्याय खोलीला. खोली आजोबांनी १९६० साली घेतलेली असेल तर ती तस्करीतून मिळालेली नाही. तस्करीच्या पैशातून गावाकडे बांधलेला बंगला, सोनं, मुदतठेवी मात्र मिळालेल्या आहेत. आणि मूळ कमाई हाताला लागत नसेल तर तिच्या किमतीएवढी दुसरी मालमत्ता घेता येते, हे त्या व्याख्येतच आहे. तेव्हा आजोबांची खोलीही शेवटी सुरक्षित नाही, फक्त वाट वळणाची आहे : मालक स्वतः गुन्ह्यात सामील होता आणि त्याने कमावलं, हे आधी दाखवायला लागतं.

भारताने मे २०११ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या संघटित गुन्हेगारीविरोधी करारावर शिक्कामोर्तब केलं. त्याचं कलम १२ कमाई आणि गुन्ह्याची साधनं अशा दोन्हींच्या जप्तीची सोय करा म्हणतं. ब्रिटनच्या २०१५ च्या कायद्यात तस्करीत वापरलेली गाडी, जहाज, विमान सरकारजमा करण्याची स्पष्ट तरतूद आहे. आपल्याकडे मालमत्तेवर टाच आणि जप्तीची स्वतंत्र तरतूद असलेलं तस्करीविरोधी विधेयक २६ जुलै २०१८ रोजी लोकसभेत मंजूर झालं, राज्यसभेत चर्चेला आलंच नाही, आणि २०१९ मध्ये लोकसभेबरोबर संपलं. तेव्हा आहे त्यातच भागवायचं आहे.

आहे त्यात सगळ्यात जोरकस महाराष्ट्राचाच कायदा आहे, मोक्का, म्हणजे महाराष्ट्र संघटित गुन्हेगारी नियंत्रण अधिनियम. १९९९ च्या या कायद्याचं कलम २० म्हणतं की शिक्षा झाल्यावर विशेष न्यायालय आरोपीच्या मालकीची स्थावर-जंगम मालमत्ता राज्य सरकारजमा करू शकतं. ती गुन्ह्यात वापरली होती का, गुन्ह्यातून आली होती का, हा पुरावा त्या कलमाच्या शब्दांत मागितलेला नाही. खटला चालू असतानाही टाच येते. टोळीतल्या कोणासाठी दुसऱ्याच्या नावावर मालमत्ता ठेवली असेल आणि तिचा हिशेब देता आला नाही, तर कलम ४ खाली तो वेगळा गुन्हा. दिल्लीला हा कायदा २००२ मध्ये लागू झाला आणि तिथल्या जी. बी. रोडवरच्या कुंटणखान्यांच्या प्रकरणात पोलिसांनी तो २०१६ मध्ये लावला. अट कडक आहे : गेल्या दहा वर्षांत टोळीवर एकाहून अधिक आरोपपत्रं, त्यांची न्यायालयाने दखल घेतलेली, आणि वरिष्ठांची पूर्वपरवानगी. तुमच्या बाईवर किती आरोपपत्रं आहेत ते पाहा. एक तर २०२२ चंच आहे. अशा बाया ठाणी बदलतात, म्हणून शेजारच्या दोन आयुक्तालयांतही चौकशी करा.

मोक्का सगळीकडे लागत नाही. पण १ जुलै २०२४ पासून एक साधं, रोजच्या वापरातलं कलम आलंय, आणि या उत्तरातलं एकच काही लक्षात ठेवायचं तर ते ठेवा : नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १०७. तपास अधिकाऱ्याला एखादी मालमत्ता गुन्ह्यातून आल्याचं वाटलं, तर अधीक्षक किंवा आयुक्तांच्या मंजुरीने तो न्यायालयाकडे टाच मागू शकतो. नोटीस १४ दिवसांची. नोटिशीमुळे मालमत्ता पसार होईल असं दिसलं तर नोटिशीआधीच अंतरिम टाच. यासाठी ईडी लागत नाही, परिशिष्ट लागत नाही, कोणताही गुन्हा चालतो. आणि पुढचा भाग मला सर्वांत मोलाचा वाटतो : ती गुन्ह्याची कमाई असल्याचं न्यायालयाला पटलं तर जिल्हाधिकाऱ्याने ६० दिवसांत ती गुन्ह्याची झळ बसलेल्यांत त्यांच्या-त्यांच्या वाट्याप्रमाणे वाटायची. सरकारजमा होतं ते उरलेलं, किंवा कोणी दावेदारच नसेल तर.

दावेदारच नसेल तर. मुलगी सुधारगृहातून गावी जाते, बंगालला, कर्नाटकात, नेपाळला. पत्ता राहत नाही. तिचा वाटा किती, हे कोणी मांडलेलंच नसतं. बँकेत फसलेल्या ठेवीदाराकडे पासबुक असतं, तिच्याकडे काय असतं? म्हणूनच यादीतली ‘एक वही’ मला महत्त्वाची वाटते. या वह्या मी बऱ्याच पाहिल्या आहेत. दर पानावर एक नाव, बहुधा खोटं, ठेवलेलं. त्यापुढे उभ्या रेघा, पाचवी आडवी. महिन्याच्या शेवटी बेरीज, आणि तिच्याखाली कापलेल्या रकमा : खोली, जेवण, साडी, डॉक्टर, हप्ता, आणि सगळ्यात मोठी ‘उचल’, जी कधीच फिटत नाही. तपासात या वहीचा उपयोग फक्त धंदा चालत होता हे दाखवायला होतो. मी ती हिशेबासाठी मागते. समजा एका पानावर दिवसाला सरासरी पाच रेघा आहेत, दर ३०० रुपये, महिन्याचे २५ दिवस. महिन्याला ३७,५०० रुपये. मुलगी १४ महिने तिथे होती. म्हणजे ५ लाख २५ हजार रुपये तिच्या अंगावर कमावले गेले, आणि कापलेली एकही रक्कम मी मान्य करत नाही, कारण डांबून ठेवलेल्या माणसाकडून खोलीभाडं कसलं घ्यायचं? हा आकडा तिच्या जबाबात यायला हवा. दर किती होता, गिऱ्हाइकं साधारण किती, पैसे रोख की स्कॅन करून, कोणाच्या नंबरवर. पोलीस हे विचारत नाहीत. तुमच्या समुपदेशकाने हळूहळू, तिला झेपेल तसं विचारून लिहून ठेवलं तर पुढे कलम १०७ च्या अर्जाला तेच जोडपत्र होतं.

क्यूआर कोडने आमचं काम सोपं केलंय. तो स्टँड कोणाच्या खात्याला जोडलाय ते बँक एका पत्रावर सांगते. बहुधा भाच्याच्या, ड्रायव्हरच्या किंवा गावाकडच्या सासूच्या. तीन महिन्यांचा खातेउतारा काढला की रात्री आठ ते दोनच्या दरम्यान आलेल्या ठरावीक रकमांची माळच दिसते.

तुमच्या २०२२ च्या गुन्ह्याला मात्र कलम १०७ लावणं कठीण. संहिता लागू होण्याआधी सुरू असलेला तपास आणि खटला जुन्या संहितेनेच पुढे जातो, असं तिच्या कलम ५३१ मध्ये आहे. तिथे खटला संपताना जुन्या ४५२ ची मागणी करा. आता जे पुन्हा सुरू झालंय तो नवा गुन्हा, त्याला नवं कलम लागतं.

या सगळ्यात एक धोका आहे, आणि तो तुमच्यासारख्या तळमळीने काम करणाऱ्यांकडूनच जास्त होतो. कुंटणखान्याच्या व्याख्येत ‘दोन किंवा अधिक वेश्यांच्या परस्पर फायद्यासाठी’ वापरलेली जागाही येते. म्हणजे दोन प्रौढ बायका स्वतःच्या मर्जीने, कोणा दलालाविना एका खोलीत राहून हा व्यवसाय करत असतील, तरी कलम १८ त्यांच्या डोक्यावर आहे. ते लावलं की त्या आणि त्यांची मुलं सात दिवसांत रस्त्यावर. गोव्यात वास्कोजवळ बायणा किनाऱ्यावरची वस्ती जून २००४ मध्ये बुलडोझरने पाडली. घरं गेली, पुनर्वसन मागेच राहिलं; ज्यांच्यासाठी हे केलं म्हणायचं त्या बायका विखुरल्या. बुद्धदेव कर्मास्करमधल्या शिफारशी स्पष्ट आहेत : कुंटणखाना चालवणं बेकायदा, पण छाप्यात त्या बायकांना अटक, दंड, छळ होता कामा नये. जागा बंद करण्याची मागणी करताना आत राहणाऱ्यांची यादी, त्यांतली कोण डांबलेली आणि कोण नाही, मुलं किती, हे तुमच्याकडे नसेल तर मी तो अर्ज दाखल करत नाही.

छाप्यात बायकांच्या पर्समधले, पत्र्याच्या पेटीतले पैसेही ‘रोख मुद्देमाल’ म्हणून जातात. ते परत मागा. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४९७ किंवा ५०३ खाली साधा अर्ज लागतो, आणि पंचनाम्यात कोणाकडून काय घेतलं हे वेगवेगळं लिहिलेलं असेल तर अडचण येत नाही. संहितेच्या कलम १०५ प्रमाणे झडतीचं चित्रीकरण आता सक्तीचं आहे. ते मागवा, पर्स कोणाच्या हातातून घेतली ते त्यात दिसतं.

वीटभट्टी, ऊसतोड, कारखाना अशा श्रमाच्या तस्करीत पीटा लागतच नाही. तिथे भारतीय न्याय संहितेची (जुन्या दंड संहितेच्या जागी आलेल्या कायद्याची) मानवी तस्करीची कलमं १४३ आणि १४४, वेठबिगार कायदा १९७६, आणि कमाईसाठी पुन्हा १०७. वेठबिगार कायद्यात मालमत्तेचा ओघ उलटा आहे : मजुराचं कर्ज रद्द होतं आणि त्यापोटी मालकाने अडकवून ठेवलेली त्याची जमीन, भांडी, जनावरं त्याला परत मिळायची असतात. मुकादमाने ठेवून घेतलेली बैलजोडी या कायद्याने मागता येते, हे फार थोड्यांना माहीत आहे.

परदेशी नोकरीच्या आमिषाने कंबोडिया-म्यानमारच्या सायबर ठगीच्या तळांवर अडकलेल्या मुलांचे पालकही हल्ली असंच विचारतात. तिथे इथला एजंट हाच आपल्या हातात असतो. उत्प्रवासन अधिनियम, १९८३ चं कलम २४ पीएमएलएच्या परिशिष्टात आहे, म्हणून विनापरवाना एजंटाच्या खात्यावर टाच येऊ शकते. वरच्या पातळीवर काय होऊ शकतं ते ऑक्टोबर २०२५ मध्ये दिसलं : अमेरिकेच्या न्याय विभागाने कंबोडियातल्या एका उद्योगसमूहाच्या प्रमुखावर सक्तीच्या श्रमाचे तळ चालवल्याचा आरोप ठेवून १,२७,२७१ बिटकॉइन सरकारजमा करण्याचा दावा लावला. तेव्हाची किंमत सुमारे १५ अब्ज डॉलर.

तुमच्या खोल्यांसाठी आता या क्रमाने चला. २०२२ च्या कलम १८ च्या आदेशाची आणि नोटिशीच्या पोचपावतीची प्रमाणित प्रत काढा. मालमत्ता पत्रक आणि नवा भाडेकरार काढा. महाराष्ट्रात असा करार नोंदणीकृत असावाच लागतो, आणि नसेल तर तोही मुद्दा मालकाविरुद्ध. मग तक्रार ठाण्यात न देता थेट उपायुक्तांकडे, अनैतिक मानवी वाहतूक प्रतिबंधक कक्षाला प्रत जोडून द्या. फिर्यादीत पीटाच्या ३ आणि ४ बरोबर ५ आणि ६, न्याय संहितेचं १४३, आणि मालकाचं नाव. झडतीच्या यादीची प्रत मालकाला नोंदणीकृत टपालाने. त्याच आठवड्यात खाती गोठवण्याचं पत्र, आणि महिनाभरात १०७ चा प्रस्ताव आयुक्तांकडे. अर्जाच्या शेवटच्या मागणीत ‘मालमत्ता सरकारजमा करावी’ एवढंच लिहिलं जातं. त्याच्या आधी प्रत्येक मुलीच्या नावापुढे, म्हणजे तिला दिलेल्या क्रमांकापुढे, तिच्या हिशेबाची रक्कम आणि ‘सदर रक्कम प्रथम हिला अदा करावी’ हे वाक्य असू द्या. ती गावी परतली असेल तर तिच्या जिल्ह्याच्या विधी सेवा प्राधिकरणाला पत्र पाठवून तिच्या नावाचं बँक खातं आधीच उघडून घ्या, कारण ६० दिवस फार पटकन जातात.